जमिनीची कैफियत मांडणारा कादंबरीकार

कागद वाचता आला नाही म्हणून जमीन हातची गेली, अशी एखादी हकिकत आपल्या बहुतेक गावांत ऐकायला मिळते. फिलिपाइन्समधल्या एका लेखकाने हेच दुःख आयुष्यभर लिहिले. त्याचे नाव फ्रान्सिस्को सिओनिल होसे.

जन्म १९२४ चा, पांगासिनान प्रांतातल्या रोसालेस गावचा. घरची गरिबी. आजोबा दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ. एकदा त्यांनी नातवाला दूरवरची शेते दाखवली. ती एके काळी आपलीच होती, शिकलेल्या श्रीमंतांनी कागदपत्रांच्या जोरावर ती बळकावली, असे त्यांनी सांगितले. पोराच्या मनात ते कायमचे रुतले.

घरची भाषा इलोकानो. लिहिले मात्र इंग्रजीत. असे का, हे शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावे. १८९८ साली स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन हा देश अमेरिकेच्या हवाली केला. पुढे शाळांतून शिक्षणाचे माध्यम इंग्रजी झाले. देशात भाषा शंभरावर. तेव्हा दूरच्या वाचकापर्यंत पोचायचे तर हीच वाट जवळची होती. पण ज्या आजोबांची कैफियत, त्यांना ती वाचता आली नसती! हा पेच सोपा नाही.

त्यांच्या पाच कादंबऱ्यांची ‘रोसालेस’ माला प्रसिद्ध आहे. त्यांतली ‘द प्रिटेंडर्स’ १९६२ साली आली. तिचा नायक शेतकऱ्याचा मुलगा. अमेरिकेत शिकतो, श्रीमंताघरी लग्न करतो, आपल्या माणसांना अंतरतो आणि शेवटी जीव देतो. ‘पो-ऑन’ ही कादंबरी १९८४ साली सर्वांत शेवटी निघाली, पण कथाक्रमात ती पहिली. इलोकोसहून परागंदा होऊन नव्या भूमीच्या शोधात निघालेल्या कुटुंबाची ती कहाणी आहे.

नुसते लिहून ते थांबले नाहीत. १९६५ साली मनिलात त्यांनी ‘सॉलिडॅरिदाद’ हे पुस्तकांचे दुकान काढले. १९८० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हाच पुरस्कार १९५८ साली आपल्या विनोबांना मिळाला होता. विनोबांनी जमिनीसाठी पायपीट केली, होसे यांनी लेखणी झिजवली. ६ जानेवारी २०२२ रोजी, ९७ व्या वर्षी ते गेले.

शिकून शहाणा झालेला मुलगा आपल्या माणसांचे कागद वाचून देणार, की त्याच कागदांनी त्यांना नागवणार? होसे यांचा हा प्रश्न आपल्याही शाळेच्या पायरीवर उभा आहे.