मावशी हसवते, पण बाई कुठे आहे?

तमाशात गण संपून गवळण सुरू झाली, की मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींबरोबर एक पात्र येते. डोक्यावर पदर, हातवारे आणि तोंडाचा पट्टा सुरू! ती मावशी. ती पेंद्याशी हुज्जत घालते, कृष्णालाही सोडत नाही. मंडपात हशा पिकतो. पण पदराआड असतो पुरुष.

यात गंमत आहे, तसा एक प्रश्नही आहे. एके काळी फडात नाच्या पोऱ्या बाईचे सोंग घेई. पुढे आपल्याच समाजातल्या पवळाबाई हिवरगावकर यांच्यासारख्या कलावंत पट्ठे बापूरावांच्या फडात उभ्या राहिल्या आणि गाजल्या. बाईला नाचायला व गायला जागा मिळाली. हसवण्याचा मान मात्र सोंगाड्याकडे आणि मावशीकडेच, म्हणजे पुरुषाकडेच राहिला.

हे कुंपण मोडणारे एक पात्र म्हणजे हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न' या वगातली गंगी. दादू इंदुरीकरांचा सावळा कुंभार आणि प्रभा शिवणेकरांची गंगी ही जोडी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. गंगी नुसती मान डोलावणारी बायको नाही. नवऱ्याच्या एका बोलाला ती दोन बोल परत करते. लोक तिला हसत नाहीत, तिच्या बोलण्याने हसतात. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आंबेडकरी जलशांनी देवादिकांची स्तुती आणि शृंगार टाकून दिला. हशातूनच भटजी-सावकारांचे ढोंग उघडे पाडले. विनोद हे हत्यार आहे, हे भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी ओळखले होते. तरी त्या जलशांतही स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. ते हत्यार बाईच्या हाती आले नाही.

आपल्या आया-बहिणींना हसवता येत नाही का? हळदीच्या रात्री विहिणीची नक्कल करणारी आत्या आठवा. दारुड्या नवऱ्याची चाल करून दाखवणारी शेजारची काकू आठवा. दिवसभर राबून आलेली चाळ पोट धरधरून हसते. त्या नकलेत राग असतो, दुःख असते आणि शहाणपणही असते.

मग १४ एप्रिलच्या कार्यक्रमात मुलींना फक्त स्वागतगीत आणि नाच का? नाटुकल्यातला भोंदू बुवा, लाचखाऊ पुढारी, हुंडा मागणारा सासरा मुलींना करू द्या. जी मुलगी चारचौघांत ढोंगाला हसू शकते, ती उद्या त्याच ढोंगापुढे मान झुकवणार नाही.