रानभेंडीचं एक जनुक

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या की शेतकरी म्हणतो, केवडा आला. आधी शिरांची पिवळी जाळी दिसते, मग अख्खं पान पिवळं होतं. येणारी भेंडी फिकट, आखूड आणि राठ असते, तिला बाजारात कोणी हात लावत नाही. हा रोग विषाणूचा आणि तो पसरवते पांढरी माशी. विषाणूवर औषध नाही, फवारणी होते ती माशीवर. पण फवारणीतून वाचलेल्या मोजक्या माश्याही रोग पुढे न्यायला पुरतात, म्हणून निव्वळ औषधावर केवडा हटत नाही. झाडातच दम असावा लागतो.

एकेकाळी तो दम ‘पुसा सावनी’ या वाणात होता. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा हा वाण देशभर पसरला, आणि पुढे त्यालाही केवडा गाठू लागला. लागवडीतल्या भेंडीत तगडा प्रतिकार सापडेना, तेव्हा शास्त्रज्ञ तिच्या रानातल्या भाऊबंदांकडे वळले. रानभेंडी म्हणून गावोगाव वेगवेगळी झाडं दाखवतात. आपल्या गोष्टीतलं झाड म्हणजे शास्त्रीय भाषेत ‘अबेलमोशस मॅनिहॉट’. फूल भेंडीसारखंच पिवळं, मधोमध गडद डाग. पण फळावर टोचणारी राठ लव. भाजी म्हणून नकोशी, केवड्याला मात्र दाद न देणारी.

परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे आणि डॉ. योगेंद्र नेरकर यांनी पुसा सावनी भेंडी आणि ही रानभेंडी, या दोन जातींचा संकर केला. संकर म्हणजे नेमकं काय करतात, ते जवळून बघण्यासारखं आहे. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मावळतं. त्याच्या मधल्या दांड्याभोवती पुंकेसरांची नळी असते आणि टोकाला स्त्रीकेसराचा गडद तांबडा माथा. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी निवडायची. तळाशी नखानं किंवा पात्यानं गोल चीर देऊन पाकळ्यांचं टोपण उतरवायचं आणि परागकोष एकेक करून खरवडून काढायचे, माथ्याला धक्का न लावता. वर कागदी पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी रानभेंडीचं ताजं फूल आणून त्याचे पराग माथ्यावर टेकवायचे, पुन्हा पिशवी, आणि झाडाला तारखेची चिठ्ठी. एवढं करूनही बरीच फुलं गळतात.

खरी अडचण पुढे येते. दोन्ही जातींच्या गुणसूत्रांची संख्या जुळत नाही. त्यामुळे संकराची झाडं वाढली तरी त्यांना बी नीट धरत नाही. शिवाय पहिल्या पिढीत निम्मा वारसा रानाचा, म्हणजे राठ लवही आलीच. म्हणून जी काही बी मिळेल ती पेरायची आणि त्या झाडांचा संकर पुन्हा पुसा सावनीशी करायचा. प्रत्येक फेरीत रानाचा वाटा सरासरी निम्म्यावर येतो: पन्नास टक्के, मग पंचवीस, मग साडेबारा. दर फेरीला झाडं केवड्याच्या तोंडी द्यायची आणि जी हिरवी राहतील तीच पुढे न्यायची. इथं नशिबानं साथ दिली. जांभळे–नेरकरांनी 1981 मध्ये दाखवून दिलं की हा प्रतिकार एका प्रभावी जनुकाच्या हाती आहे. जनुक प्रभावी असल्यामुळे ते कोणत्या झाडात आलं, हे त्याच पिढीत डोळ्यांना दिसतं. दबून राहणारं असतं तर प्रत्येक फेरीनंतर आणखी एक पिढी वाढवून वाट बघावी लागली असती.

पुढे कित्येक पिढ्या निवड करत नेली, गुण स्थिर झाले आणि ‘परभणी क्रांती’ हा वाण आला. कृषी विद्यापीठांना वाणाच्या नावात क्रांतीची हौस फार, पण या एका वाणाला ते नाव शोभतं. केवड्यानं टेकीला आलेल्या कित्येक शेतांत भेंडी पुन्हा उभी राहिली. हा वाण संकरित बियाण्यासारखा दर हंगामी विकत घ्यावा लागत नाही, घरचं बी धरता येतं.

पण ही गोष्ट इथं संपत नाही. विषाणूही बदलत राहतो. पुढे बऱ्याच भागांत परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला आणि पैदासकारांना नवा प्रतिकार शोधणं भाग पडलं. तो शोधायचा कुठे? पुन्हा रानातच, किंवा रानातून आणून जपलेल्या बियांत. झाड बांधावरून, ओढ्याकाठून तणनाशकानं गेलं असेल आणि त्याचं बीही कुठे ठेवलेलं नसेल, तर शोधायला काहीच उरत नाही.

बी जपण्याचे रस्ते दोन. पहिला, शीतगृहाचा. दिल्लीतल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या जनुकपेढीत साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत. ब्युरोचं एक केंद्र आपल्याकडे अकोल्यात आहे. बी आधी अगदी कमी ओलाव्यापर्यंत सुकवतात, हवाबंद पाकिटात भरतात आणि उणे 18 अंशांवर ठेवतात. ठरावीक वर्षांनी थोडं बी उगवून बघतात. उगवण घसरली असेल तर ते शेतात लावून ताजं बी घेतात. आंबा-फणसाच्या बियांना असं सुकवणं सोसत नाही, त्यांची झाडंच राखावी लागतात.

दुसरा रस्ता शेतातला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची पेढी उभी केली. बाएफ संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि 2020 सालची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. अशा पेढ्यांत साधारण रीत उसनवारीची: बी न्यायचं, पेरायचं, सुगीनंतर वाढवून परत करायचं. इथलं बी दर हंगामी पावसाला, किडीला, रोगाला सामोरं जातं आणि त्यातून निवडलं जातं. शीतगृहातलं बी जसं ठेवलं तसंच राहतं. माझ्या मते एकाच्या भरवशावर दुसरा बंद करणं घातक आहे.

घरी भेंडीचं बी धरणाऱ्यांसाठी थोडं. मधमाश्यांमुळे भेंडीत परपरागीभवन बऱ्यापैकी होतं. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून 200 मीटर अंतर लागतं. तेवढी जागा नसेल तर कळ्यांना आदल्या दिवशी पिशवी बांधा. केवडा आलेली झाडं फुलण्याआधीच उपटा. एकाच देखण्या झाडाचं बी धरू नका, बऱ्याच निरोगी झाडांचं मिसळून धरा. शेंगा झाडावरच वाळून शिरांवर तडकू द्या, मग बी सावलीत सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. असं बी राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही.

आणि डब्यात एक चिठ्ठी टाका: वाणाचं नाव, बी कोणाकडून आलं, गाव कोणतं, कोणत्या सालचं, आणि कोणता रोग त्यानं सोसला. चिठ्ठी नसलेलं बी पैदासकाराच्या फारसं कामाचं नसतं.