काळंबेरं नव्हे, काळं भारी!

विमान कशाचं बनतं? ‘पत्र्याचं!’ म्हणालात ना? पण बोइंग ७८७ ड्रीमलायनरच्या वजनातला जवळपास निम्मा वाटा कॉम्पोझिटचा असतो, माहीत आहे का? कॉम्पोझिट म्हणजे मुख्यतः कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन.

तंतू पोलादालाही भारी. पण थरावर थर रचले की दोन थरांच्या मध्ये उरतं नुसतं रेझिन, आणि घात तिथेच होतो. दणका बसला की चिरोट्याचे पदर सुटावेत तसे थर सुटायला लागतात. इंजिनिअर मंडळी याला ‘डीलॅमिनेशन’ म्हणतात.

मग एन्ट्री होते कार्बन नॅनोट्यूबची! कार्बनच्या अणूंची जाळी गुंडाळून झालेली नळी. इतकी बारीक, की डोक्यावरचा केस तिच्याहून हजारो पटींनी जाड. (केस उरले असतील त्यांनी तपासून घ्यावं.) तिला स्टार केलं जपानच्या सुमिओ इजिमांनी, १९९१ मध्ये. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी असल्या नळ्यांचे फोटो १९५२ मध्येच छापले होते, पण रशियन जर्नलमध्ये. वाचतो कोण?

थर एकमेकांना शिवून टाकले तर? जाड धाग्याने शिवायचे प्रयोग झाले, पण त्यात शेजारचे कार्बन तंतूच दुखावले जायचे. एमआयटीतल्या ब्रायन वॉर्डल यांच्या टीमने थरांच्या मध्ये नॅनोट्यूबचं उभं ‘जंगल’च बसवलं. एका चौरस सेंटिमीटरमध्ये अब्जावधी नळ्या! त्या दोन्हीकडच्या रेझिनमध्ये घुसून बसतात आणि तंतूंना धक्काही लावत नाहीत. नाव काय, तर ‘नॅनोस्टिचिंग’. २०२४ मध्ये या टीमने सांगितलं, की तडे रोखायची ताकद ६० टक्क्यांपर्यंत वाढली. टेलरिंग असावं तर असं!

‘मग नळ्या सरळ रेझिनमध्ये ढवळून टाका की!’ टाकतात हो. पण या नळ्या भलत्याच मिठीबहाद्दर. एकमेकींना बिलगून गुठळ्या करतात, आणि गुठळी म्हणजे तडा जायला आयती जागा. वर रेझिन इतकं दाट होतं, की तंतूंच्या मध्ये शिरतच नाही. म्हणून प्रमाण बहुधा वजनाच्या टक्क्याभोवतीच ठेवतात, आणि गुठळ्या फोडायला अल्ट्रासाउंडचे दणके देतात.

जखम झाली की बोंब मारणारं प्लास्टिक माहीत आहे का? चिमूटभर नळ्यांनी इपॉक्सीतून वीज वाहू लागते. आत तडा गेला, की वाट तुटते, रोध वाढतो आणि मीटरवर ‘आई गं!’ उमटतं.

२००६ ची टूर द फ्रान्स फ्लॉइड लँडिसने जिंकली, ती नॅनोट्यूबवाल्या फ्रेमच्या सायकलवर. पुढे डोपिंगमुळे किताब गेला. सायकल स्ट्राँग, स्वार राँग!

आरतीच्या कापरापासून नॅनोट्यूब बनते, माहीत आहे का? आयआयटी मुंबई आणि जपानच्या मेइजो विद्यापीठातल्या संशोधकांनी ते करून दाखवलंय. घरी तबकात प्रयोग नकोत, हाती लागेल ती काजळीच.

आणि हो, सुट्या नळ्या नाकापासून लांबच बऱ्या. २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात लांब नळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखी लक्षणं दाखवली. गंमत तिथे थांबते.

थांबते, पण वॉर्डल थांबत नाहीत. २०१९ मध्ये त्यांनी आणि केहांग कुइ यांनी याच नळ्यांचा ९९.९९५ टक्के प्रकाश गिळणारा लेप केला. डीमुट श्ट्रेबे या कलाकर्तीने त्यात गुंडाळला १६.७८ कॅरेटचा, २० लाख डॉलरचा पिवळा हिरा. डोळ्यांदेखत गायब! प्रदर्शन कुठे मांडलं, माहीत आहे का? न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजमध्ये. तिथल्या लोकांना पैसा दिसेनासा होण्याचं काय ते नवल?