बुडालेल्या जमिनीचे मालक

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात समुद्रालगतच्या उथळ, खाऱ्या पाण्यात रेडफिश आणि ब्लॅक ड्रम हे मासे चरतात. आपल्याकडच्या घोळीच्याच कुळातले. चिखलातले खेकडे शोधताना त्यांच्या शेपट्या पाण्याबाहेर येतात. रेडफिशच्या शेपटीजवळचा काळा ठिपका लांबून ओळखू येतो. इंजिन बंद करायचे, लांब काठीने होडी रेटायची, मासा डोळ्यांनी हेरायचा आणि मगच गळ टाकायचा. हौशी लोकांचा खेळ खरा, पण कसब लागते, हे आम्ही मान्य करतो.

मात्र हे पाणी कोणाचे? १९३२ पासून या राज्याची सुमारे ५ हजार चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. जमीन बुडाली, सातबारा मात्र बुडाला नाही! जुने मालक, त्यात मोठ्या कंपन्याही आल्या, भरतीच्या पाण्यावर ‘प्रवेश बंद’च्या पाट्या लावतात. आत होडी घालणारा गुन्हेगार ठरतो. हे पाणी सर्वांना खुले करणारे विधेयक २०१८ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहात पडले. पाण्यावरचा पहारा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तेथील गळवाल्यांनी ही मागणी सोडू नये, असे आम्हाला वाटते.