राउटरची दुसरी किल्ली



मागील पालक सभेत मुलांच्या मोबाइलवर बरीच चर्चा झाली. रात्री दहानंतर घरचे वायफाय आपोआप बंद ठेवता येते का, असे अनेकांनी विचारले. बहुतेक राउटरमध्ये येते. त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. पण ही सोय ज्या पानावर असते तिथपर्यंत घरातले मोठे माणूस सहसा गेलेले नसते. आमचा अनुभव असा की आठवी-नववीतले चिरंजीव मात्र तिथे जाऊन आलेले असतात!

मुळात राउटरला पासवर्ड एक नसून दोन असतात. एक वायफायचा, जो पाहुणे आले की आपण सांगतो. दुसरा राउटरच्या व्यवस्थापनाचा. पहिला म्हणजे घराची किल्ली. दुसरा म्हणजे कुलूपच बदलून टाकण्याचा अधिकार. पहिली किल्ली आपण जपतो. दुसरी मात्र कित्येक घरांत कारखान्यातून आली तशीच राहते: नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. नव्या राउटरवर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड छापलेला असतो, ही सुधारणा खरी, पण तो खालच्या चिकटपट्टीवर असतो आणि राउटर बैठकीच्या खोलीत असतो.

याने काय बिघडते? जुलै २०१७ मध्ये कर्नाटकसह काही भागांत बीएसएनएलचे अनेक ब्रॉडबँड मोडेम एका घातक प्रोग्रॅममुळे बंद पडले. ज्यांचा मूळ पासवर्ड बदललेला नव्हता, ते त्याच्या तावडीत सापडले, आणि पासवर्ड बदला असे आवाहन ग्राहकांना करावे लागले. मोडेम बंद पडला तर निदान कळते तरी. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास लाखो मोडेममध्ये शिरून चोरांनी डीएनएसचा पत्ता बदलला होता. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाचे नाव दिले की त्याचा क्रमांक सांगणारी यादी. यादीच खोटी असली की आपण बँकेचे नाव अचूक टाइप केले तरी पान उघडते चोराचे. संगणकात काही दोष नाही, आपलीही काही चूक नाही.

आता त्या पानावर जायचे कसे ते पाहू. फोन किंवा संगणक घरच्याच वायफायला जोडलेला हवा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता टाकावा (आकडे अर्थात इंग्रजी घ्यावेत). तो चालला नाही, तर विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग असे लिहावे; 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो क्रमांक दिसेल तोच आपल्या राउटरचा. आयफोनमध्ये वायफायच्या तपशिलात 'राउटर' या ओळीत तो मिळतो. हा पत्ता गूगलवर शोधू नये. तिथे मदतीच्या नावाखाली भलतेच फोन नंबर देणारी पाने भेटतात.

एकच पत्ता इतक्या घरांत कसा, असे मुले विचारतात. प्रश्न चांगला आहे. काही क्रमांक १९९४ पासून केवळ घर-कार्यालयाच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत. देवघर म्हटले की प्रत्येकाला आपल्याच घरातले कळते, तसेच हे. म्हणून इंटरनेट बंद असतानाही हे पान उघडते. 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशी सूचना आली तर पत्ता नीट ताडून पाहावा. आपल्याच राउटरचा असेल तर पुढे जाण्यास हरकत नाही.

आत गेल्यावर सगळ्यात आधी व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा. 'सिस्टिम', 'मॅनेजमेंट' किंवा 'मेंटेनन्स' अशा नावाखाली तो सापडतो. लांब ठेवावा, वायफायचाच पुन्हा देऊ नये, आणि चक्क वहीत लिहून कपाटात ठेवावा. पासवर्ड लिहू नये असे म्हणतात, पण ब्राझीलचा चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. त्यानंतर 'रिमोट मॅनेजमेंट' बंद आहे ना, ते पाहावे. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ असावी, डब्ल्यूईपी नको. डब्ल्यूपीएस बंद केलेले बरे. फर्मवेअर, म्हणजे राउटरचा आतला प्रोग्रॅम, नवा उपलब्ध असेल तर घ्यावा. त्यात जुन्या त्रुटी बुजवलेल्या असतात. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' सुरू केले की मुख्य पासवर्ड कॉलनीभर फिरत नाही.

वेळेची मर्यादा 'पॅरेंटल कंट्रोल'मध्ये असते. तिच्यावर फार विसंबू नये असे आमचे मत आहे. राउटर फोनला त्याच्या मॅक क्रमांकावरून ओळखतो, आणि अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) पासून फोन खरा क्रमांक लपवून दुसराच सांगतो. तो पर्याय बदलला की राउटरला वाटते, नवाच कोणी आला. मुलांना हे ठाऊक असते. शिवाय फोनमध्ये डेटा पॅक असेल तर राउटरचा त्याच्याशी संबंधच नाही. तेव्हा वेळ मुलांशी बोलूनच ठरवावी. राउटर फार तर आठवण करून देईल.

पासवर्ड विसरलाच, तर मागच्या छोट्या छिद्रात पिन घालून साधारण दहा सेकंद दाबले की राउटर मूळ स्थितीत येतो. मात्र त्याबरोबर कनेक्शनचे यूजरनेम आणि पासवर्डही पुसले जाऊ शकतात, आणि मग इंटरनेटच बंद. ते कंपनीकडून आधी मागून घ्यावेत. परीक्षेच्या आदल्या रात्री हा प्रयोग कृपया करू नये.

ज्यांना अडचण येईल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. येताना राउटरच्या चिकटपट्टीचा फोटो काढून आणावा, पण तो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये.