बारा अमावास्या, बारा लेखिका

२७ फेब्रुवारी २०२५. मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आमच्या गावात ग्रंथदिंडी निघाली होती. लेझीम, टाळ-मृदंग, डोक्यावर कलश घेतलेल्या आयाबाया, सारे दरवर्षीसारखेच. दिंडी देवळापाशी विसावली. पालखीतील ग्रंथांवर फुले वाहताना दहावीतल्या एका मुलीने सहज विचारले, ‘‘काकू, हितं बायकांनी लिहिलेलं एक तरी पुस्तक हाय काय?’’

आम्ही पालखीत डोकावलो. ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, दासबोध, भारताचे संविधान. बाईने लिहिलेले पुस्तक एकही नव्हते.

मराठीसाठी घोषणा देत आम्ही कैक मोर्चांत चाललो आहोत. पण याच भाषेत आपल्यासारख्या बायांनी काय लिहून ठेवले आहे, ते आम्ही वाचले होते काय? खरे सांगायचे तर नाही. त्याच आठवड्यात दिल्लीत ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. इतक्या संमेलनांत हा मान मिळालेल्या त्या केवळ सहाव्या लेखिका. पहिल्या कुसुमावती देशपांडे, १९६१ साली, ग्वाल्हेरला. म्हणजे मोठ्या पालखीचीही गत आमच्या पालखीहून फार निराळी नाही!

त्या संध्याकाळी आम्ही अकरा जणींनी संकल्प सोडला. वर्षभरात बारा लेखिका वाचायच्या. अमावास्येला शेतात औत जुंपत नाहीत, तेव्हा दर अमावास्येला दुपारी देवळाच्या ओवरीत बसायचे. नियम दोनच. एका घडणीच्या दोन लेखिका लागोपाठ घ्यायच्या नाहीत. जात, धर्म, मुलूख, बोली बदलली पाहिजे. आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे.

पुस्तके मिळेनात

पहिली अडचण पुस्तकांची. जवळच्या वाचनालयात कपाटे भरलेली, पण आमच्या यादीतली दोनच पुस्तके हाती लागली. बाकीची कोल्हापूरहून कोणाच्या जावयाने, पुण्याहून कोणाच्या भाच्याने आणली.

पहिल्या अमावास्येला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडली. १९३४ पासून भागाभागाने आलेले हे आत्मचरित्र. नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, संसार दुभंगला, पुढे त्याही त्याच वाटेने गेल्या. एवढे सोसूनही बाई स्वतःवरच हसते, हसवते! ओवरीत हशा पिकला तेव्हा पुजारीही येऊन खांबाला टेकून ऐकत बसले.

त्यानंतर ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’. बुलढाण्याच्या या बाईने १८८२ साली पुरुषांना तोंडावर विचारलेले सवाल ऐकून आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, ‘‘ह्ये आमच्या सासूला ऐकवाय पायजे हुतं!’’ मग बहिणाबाई चौधरी, विभावरी शिरूरकर, इरावती कर्वे, मल्लिका अमरशेख. नजूबाई गावितांच्या लेखनातून आदिवासींचे जग प्रथमच आमच्या ओवरीत आले.

सर्वात लाज वाटली ती इंदिरा संतांच्या वेळी. जन्म इंडीचा, घराणे तवंदीचे, सारी हयात बेळगावात अध्यापनात गेली. १९४६ साली पती गेले, पदरी लहान मुले, आणि त्यातून ती कविता उमलली. ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या गावाहून एस.टी.ने तासाभरावर राहणाऱ्या या कवयित्रीची एकही कविता आम्ही शाळा सोडल्यानंतर वाचली नव्हती.

आमची मराठी वंगाळ काय?

आमच्या पोरी कॉलेजसाठी कोल्हापूर-पुण्याला गेल्या की बोलायला बिचकतात. ‘की’ लावून बोललो की मैत्रिणी हसतात, असे सांगतात. ‘शुद्ध’ बोलण्याच्या भीतीने काही जणी गप्पच बसतात. इकडे गावातल्या धाकट्या मुली इंग्रजी नाहीतर कानडी शाळेत. त्यांना देवनागरी वाचताना ठेचा लागतात. भाषा अशी दोन्हीकडून निसटते.

म्हणून बहिणाबाईंचा दिवस मोलाचा ठरला. लिहिता न येणाऱ्या या शेतकरी बाईची गाणी घरच्यांनी उतरून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली, ती त्यांच्याच खानदेशी बोलीत. बेबीताई कांबळे फलटणला आपल्या लहानशा दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या. त्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तक झाले. महारवाड्यातले जगणे त्यांनी तिथल्याच शब्दांत मांडले. ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) घेतले तेव्हा आयदान म्हणजे काय, असे एकीने विचारले. बांबूच्या विणलेल्या वस्तू, असे सांगताच आजी म्हणाल्या, ‘‘म्हंजे आमच्या बुट्ट्या, सुपं की! ही आमचीच भाषा की गं! मग आमची मराठी तेवढी वंगाळ काय?’’

‘बुट्टी’ कानडीतही बुट्टीच. पण आजींच्या तोंडी ती मराठीच. आजींच्या प्रश्नाला ओवरीतल्या कोणाकडे उत्तर नव्हते. पण त्या दिवसापासून आमच्या मुली मोठ्याने बोलू लागल्या.

बारावे पुस्तक ठरले नव्हते. मे २०२५ मध्ये हासनच्या बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना, दीपा भास्ती यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासाठी, आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. आमच्यातली एक सून गोकाककडची. वर्षभर मागे बसून ऐकणारी, मराठी वाचताना अडखळणारी. ती म्हणाली, ‘‘मी कानडीतून वाचतो आणि तुमास्नी मराठीत सांगतो.’’ कुजबुज झाली. मराठीच्या संकल्पात कानडी पुस्तक? आजींनीच निकाल दिला : ‘‘भांडण सरकारशी. बाईच्या दुःखाशी न्हवं.’’

२०२६ च्या फेब्रुवारीतल्या अमावास्येला तिने मुसलमान घरातल्या बायांच्या त्या कथा सांगितल्या. ओवरी भरली होती. आपली मराठी हक्काने मागताना शेजारणीची भाषा ऐकली, म्हणून आमच्या मराठीचे काही उणे झाले नाही. उलट एक नवी वाचक मिळाली. ती सून आता ‘स्मृतिचित्रे’ स्वतः वाचते आहे, बोट ठेवून, सावकाश.

बारा जणी आम्ही पुरत्या वाचल्या, अशी बढाई नाही. दिवाळीच्या अमावास्येला चौघीच आल्या होत्या, आणि ‘युगान्त’ तर अर्धेच झाले. पण यंदाच्या दिंडीत पालखीत बहिणाबाईंची गाणी आणि ‘जिणं आमुचं’ होते. पालखीला पहिला खांदा त्याच मुलीने दिला.

वाचकहो, कडोली, येळ्ळूर, उचगावची संमेलने आपण लोकवर्गणीतून उभी केली. तशीच आपल्या गावात एक ओवरी निवडा. अमावास्या जवळच आहे. पहिले पुस्तक कोणते, ते आजीला विचारा.