हेडसेट, विमानातील

हेडसेट, विमानातील : लहान विमानातील गोंगाटापासून कानांचे रक्षण करणारे आणि वैमानिक व प्रवासी यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून डोक्यावर घालावयाचे साधन. दोन कर्णकवचे, त्यांच्या कडेच्या मऊ गाद्या, डोक्यावरील पट्टी, कवचांतील छोटे ध्वनिक्षेपक आणि ओठांजवळ येणारा मायक्रोफोन हे त्याचे मुख्य भाग होत. प्रवाशाच्या दृष्टीने हेडसेटचा आरामदायीपणा ही केवळ सोयीची बाब नाही. टोचणारा हेडसेट थोड्याच वेळात सैल केला जातो किंवा काढून ठेवला जातो आणि त्याबरोबर कानांचे संरक्षणही संपते.

गोंगाटाचे स्वरूप : एका एंजिनाच्या लहान विमानात ध्वनिपातळी सामान्यतः ८५ ते १०० डेसिबेलांच्या दरम्यान असते. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटास २,४०० फेरे करीत असल्यास दर सेकंदास ८० स्फोट होतात. दोन पात्यांच्या प्रॉपेलरमुळेही हवेत तितकेच स्पंद निर्माण होतात. त्यामुळे या गोंगाटात नीच कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येचा) ध्वनी प्रबळ असतो. अमेरिकेतील व्यवसायजन्य आरोग्यविषयक संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेल ध्वनी दिवसातून ८ तासच सहन करावा व पुढील प्रत्येक ३ डेसिबेलांस ही मुदत निम्मी करावी. या हिशोबाने ९४ डेसिबेलांस केवळ १ तास मिळतो. अशा गोंगाटाने आंतरकर्णातील केशकोशिकांना झालेली कायमची इजा भरून येत नाही.

प्रकार : अक्रिय हेडसेटमध्ये कवच व गादी यांमुळेच ध्वनी अडतो. चांगल्या बनावटीत तो सु. २० ते २५ डेसिबेलांनी घटतो. मात्र नीच कंप्रतेचा ध्वनी तुलनेने कमी अडतो. सक्रिय हेडसेटमध्ये कवचातील सूक्ष्म मायक्रोफोन आत शिरलेला ध्वनी टिपतो आणि विद्युत् मंडल त्याच्या विरुद्ध कलेचा ध्वनी निर्माण करून त्याचे शमन करते. या तत्त्वाचे अमेरिकन पेटंट पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञांना १९३६ मध्ये मिळाले. भारतीय वंशाचे अमेरिकन अभियंते अमर बोस यांनी १९७८ मध्ये या विषयावर काम सुरू केले व त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये विक्रीस आला. सक्रिय शमन नीच कंप्रतेसच विशेष उपयुक्त असते. उच्च कंप्रतेसाठी कवचाचाच आधार लागतो. म्हणून सैल बसणारा महाग हेडसेट नीट बसणाऱ्या साध्या हेडसेटपेक्षा श्रेष्ठ ठरेलच, असे नाही.

निवड : कमीत कमी दाबात कानाभोवती पूर्ण बंद कडा, हे निवडीचे मुख्य सूत्र होय. कानाची पाळी कवचात संपूर्ण मावली पाहिजे. गादी कानावर न टेकता त्याच्या सभोवती टेकावी. जबडा हलविल्यावर किंवा मान वळविल्यावर फट पडू नये. कवचे हातांनी हलकेच दाबताच गोंगाट बराच कमी झाला, तर गादी नीट बसलेली नाही असे समजावे. चष्म्याच्या जाड काड्यांमुळे अशी फट हमखास पडते. म्हणून काड्या पातळ व चपट्या असाव्यात. वजन साधारणतः ३५० ते ५०० ग्रॅम असते. परंतु केवळ वजनापेक्षा ते टाळूवर सारखे विभागले जाणे महत्त्वाचे असते. अर्धा तास घालून पाहिल्यावाचून दाबाचा खरा अंदाज येत नाही. लहान मुलांसाठी आखूड पट्टीचा व लहान कवचांचा हेडसेट घ्यावा. कोकणासारख्या दमट हवेत कातडीसारख्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली घाम साचतो. तेथे सुती आवरण सुखावह असते.

जोडणी : बहुतेक लहान विमानांत दोन स्वतंत्र प्लग लागतात : ऐकण्यासाठी ६.३५ मिमी. व बोलण्यासाठी सु. ५.२ मिमी. व्यासाचा. हेलिकॉप्टरांत बहुधा एकच, वेगळ्या घडणीचा प्लग असतो. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जेथे स्थापन झाला, त्या जुहू विमानतळावरून समुद्रातील तेलक्षेत्राकडे हेलिकॉप्टरे जातात. उलट बारामती, धुळे, गोंदिया येथील प्रशिक्षणकेंद्रांत लहान विमाने वापरतात. कल्याणजवळ नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धकाळात बांधलेली धावपट्टी नागरी वाहतुकीसाठी वापरात नसल्याने दिवा, डोंबिवली या परिसरातील प्रवाशासही अशा अन्य ठिकाणीच जावे लागते. खरेदीपूर्वी तेथील विमानाची जोडणी विचारून घ्यावी. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी उडणाऱ्याने वैमानिकाकडील जादा हेडसेट वापरणे पुरेसे असते. संगीतासाठीचे साधे हेडफोन गोंगाट कमी करीत असले, तरी ते विमानाच्या इंटरकॉमला थेट जोडता येत नाहीत.

वापर व निगा : मायक्रोफोन ओठांपासून बोटाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर, तोंडाच्या कोपऱ्याशी ठेवावा, तो दूर असल्यास एंजिनाचा आवाजच सर्वांना ऐकू येतो. विमान उतरताना कानांत बसणारे दडे हवेच्या दाबातील फरकामुळे असतात. ते हेडसेटने टळत नाहीत, त्यासाठी आवंढा गिळावा. बॅटरीवर चालणाऱ्या सक्रिय हेडसेटसोबत जादा सेल ठेवावेत. गादी कडक झाली किंवा चिरली, की ध्वनी आत शिरू लागतो. तेव्हा संपूर्ण हेडसेट न बदलता गादीच बदलावी.